भाकरीचा हिशेब

खरिपाची सुगी उरकली की हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर सोयाबीनच्या पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. मोंढ्यावर सोयाबीनचा जोर ओसरतो तोवर तूर येते, आणि ऊन तापायच्या आधी हरभरा. सोयाबीनच्या दाण्यात वजनाच्या 35 ते 40 टक्के प्रथिनं असतात; तुरीत आणि हरभऱ्यात 20 टक्क्यांच्या आसपास. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांच्या शिवारात असा प्रथिनांचा मोठा साठा दरवर्षी तयार होतो. मोंढ्यावरून तो तेलगिरण्यांकडे आणि डाळमिलांकडे निघून जातो. ज्या घरानं तो पिकवला, त्या घरातल्या ताटात दोन्ही वेळेला भाकरी नाही तर पोळी, त्यावर भात, आणि बाजूला वाटीचा तळ दिसेल इतकं पातळ वरण.

मधुमेह आणि वजन या विषयांवर मराठीत अलीकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हे पुस्तक त्या ताटापासून सुरुवात करतं. कमी कर्बोदकांचा आहार, ज्याला आता सगळीकडे लो-कार्ब म्हणतात, तो बहुतेकांना माहीत आहे तो बदामाचं पीठ, चीज आणि अ‍ॅव्होकॅडोचा. महागडा आणि परका. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तो कसा असेल, कोणाला उपयोगी पडेल आणि कोणाला अपाय करेल, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. तो व्हायला हवा, कारण आजार वाट पाहत थांबलेला नाही.

'आमच्या वडिलांना शुगर आहे' हे वाक्य आता वाडीवस्तीवरही सहज ऐकू येतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे 10 कोटी माणसं. शहरात हे प्रमाण 16.4 टक्के आणि खेड्यात 8.9 टक्के. एवढंच वाचलं तर खेडं अजून बरं आहे असं वाटतं. पण त्याच पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण शहरात 15.4 आणि खेड्यात 15.2 टक्के निघालं. उंबरठ्यावरची गर्दी दोन्हीकडे सारखीच आहे. खेड्यातला माणूस फक्त थोडा मागून येतो आहे, आणि तो येतो तेव्हा त्याच्या जवळ ना मधुमेहतज्ज्ञ असतो, ना आहारतज्ज्ञ. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी तपासायची असते. आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात, बोटाला सुई टोचली जाते, गोळी सुरू होते. त्यानंतर काय खायचं, या प्रश्नाला बहुतेकांना मिळणारं उत्तर चार शब्दांचं असतं: गोड बंद, भात बंद.

या उत्तरात काय राहून जातं ते कळण्यासाठी शरीरात काय घडतं ते थोडक्यात पाहावं लागेल. साखर असो, भात असो, पोळी असो की ज्वारीची भाकरी, त्यातल्या कर्बोदकांचं पचन होऊन शेवटी मुख्यतः ग्लुकोज तयार होतं. रक्तात उतरलेलं हे ग्लुकोज पेशींत पोहोचवण्याचं काम स्वादुपिंडातून येणारं इन्शुलिन करतं. खर्च होण्यापेक्षा जास्त येत राहिलं की यकृत त्याची चरबी करून साठवतं. यकृत ही शरीराची कणगी. ती काठोकाठ भरली की धान्य घरभर सांडू लागतं. चरबी यकृतातून रक्तात, रक्तातून स्वादुपिंडापर्यंत जाते आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी 2008 मध्ये ही मांडणी केली आणि पुढच्या दशकात ती प्रयोगांनी तपासली. त्यातून एक आशादायक गोष्ट पुढं आली: कणगी रिकामी करता आली तर टाइप 2 मधुमेह, निदान सुरुवातीच्या वर्षांत, मागे हटू शकतो.

आहारातून मधुमेहावर इलाज करण्याची कल्पना मात्र जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला जन्मजात आणि कृश माणसाचा, दुसरा अयोग्य खाण्यापिण्यातून आलेला आणि स्थूल माणसाचा. चरकसंहितेत स्थूल रोग्याला एक आणि कृश रोग्याला त्याच्या उलट उपचार सांगितला आहे, आणि अन्नात तांदळापेक्षा जवाला मान दिला आहे. कृश आणि स्थूल यांना एकच पथ्य लावू नये, हा त्यातला विवेक आजच्या घाईच्या सल्ल्यांत अनेकदा हरवलेला दिसतो.

युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन रोलो या लष्करी डॉक्टरनं एका मधुमेही कॅप्टनला मांस आणि चरबीच्या आहारावर ठेवून त्याच्या लघवीतली साखर कमी केली. 1870-71 मध्ये पॅरिसला वेढा पडला आणि धान्याची टंचाई झाली. तेव्हा आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर घटल्याचं बुशार्दा या फ्रेंच वैद्यानं टिपलं. त्याआधी 1863 मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थानं पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून वजन कसं उतरवलं याची छोटी पुस्तिका छापली होती, आणि ती हातोहात खपली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मधुमेही मुलांना उपाशी ठेवण्यापर्यंत डॉक्टरांची मजल गेली, कारण दुसरं काही हातात नव्हतं. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं आणि सगळं बदललं. मरणाच्या दारातली मुलं परत आली. औषध हाती आल्यावर पथ्याचा धाक सैल झाला. पुढं हृदयविकाराच्या भीतीनं तेल-तूप कमी करा, असा सल्ला जगभर रुजला आणि कमी केलेल्या तुपाची जागा धान्यानं भरून काढली. मधुमेह्यालाही निम्म्याहून अधिक उष्मांक कर्बोदकांतून घ्यायला सांगितलं जाऊ लागलं.

या प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्यांत अमेरिकेचे रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचं नाव मोठं झालं. त्यांचं पुस्तक 1972 चं. रिचर्ड बर्नस्टीन यांची गोष्ट त्याहून जास्त शिकवणारी आहे. ते मुळात इंजिनिअर, लहानपणापासून टाइप 1 चे रुग्ण. रक्तातली साखर मोजण्याचं यंत्र तेव्हा फक्त दवाखान्यांसाठी मिळत असे; 1969 च्या सुमारास पत्नी डॉक्टर असल्यामुळे ते त्यांना घरी आणता आलं. दिवसातून अनेकदा रक्त तपासून कोणत्या घासानं साखर किती चढते हे त्यांनी स्वतःपुरतं शोधून काढलं आणि कर्बोदकं अगदी कमी केली. वैद्यकीय नियतकालिकं एका इंजिनिअरचं म्हणणं छापेनात, तेव्हा चाळिशी ओलांडल्यावर ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर झाले. आज तालुक्याच्या औषध दुकानात मिळणारा ग्लुकोमीटर हे त्याच जिद्दीचं फळ म्हणता येईल. जेवणाआधी आणि दोन तासांनी अशी तपासणी कोणीही घरी करू शकतं, आणि कोणत्याही पुस्तकापेक्षा ती आपल्या शरीराबद्दल जास्त सांगते.

महाराष्ट्रात हा विषय घराघरांत पोहोचवण्याचं श्रेय मराठवाड्याकडेही जातं. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार व्याख्यानांतून मांडला होता. 2004 मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं. त्यांचं ऋण मान्य करून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती कल्पना पुढं नेली: कडकडून भूक लागेल त्या दोनच वेळी जेवायचं, जेवण 55 मिनिटांत संपवायचं, मधे काही खायचं नाही, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मधुमेह्यांसाठी त्यांनी आधी सुकामेवा, कोशिंबीर आणि मोड आलेली कडधान्यं आणि मग पोळी-भाजी असा क्रमही सांगितला. वारंवार खाल्ल्यानं वारंवार इन्शुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हा त्यामागचा तर्क. 2018 च्या सुमारास ही पद्धत एवढी पसरली की लग्नाच्या पंगतीत 'मी दीक्षित करतोय' एवढं सांगितलं की यजमान आग्रह थांबवत. त्याच वेळी दर दोन तासांनी थोडं थोडं, स्थानिक आणि आजीच्या हातचं खा, असं सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांचाही मोठा वाचकवर्ग होता. दीक्षित की दिवेकर, हा वाद वर्तमानपत्रांपासून कट्ट्यांपर्यंत रंगला. पुण्यात डॉ. प्रमोद त्रिपाठी यांनी वनस्पतिजन्य आहार आणि व्यायामावर आधारलेला तिसराच रस्ता आखला.

त्या वादाची एक बाजू चांगली होती. आहार हा उपचाराचा भाग आहे, हे सामान्य माणसानं पहिल्यांदा एवढ्या गांभीर्यानं घेतलं. पण चर्चा किती वेळा खायचं यावर अडकली, आणि ताटात काय आणि किती, हा प्रश्न मागे पडला. दोनच वेळा जेवणारा माणूस प्रत्येक वेळी चार भाकरी खात असेल तर कणगी रिकामी कशी होणार?

लो-कार्ब म्हणजे नेमकं किती, यावरही तज्ज्ञांत दोन टोकं आहेत. एका बाजूला कीटो: दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे शरीराला चरबी जाळून कीटोन तयार करायला भाग पाडणं. दुसऱ्या बाजूला मध्यम मार्ग: 130 ग्रॅमच्या आत. इंग्लंडमध्ये साउथपोर्टचे डॉ. डेव्हिड अनविन हे मध्यम मार्गाचे वाटाडे. कोणत्या पदार्थानं रक्तातली साखर जणू किती चमचे साखर खाल्ल्याइतकी वाढते, हे त्यांनी तक्त्यांतून दाखवलं. 150 ग्रॅम शिजलेल्या भाताचा आकडा दहा चमचे निघाला आणि अनेक रुग्णांचे डोळे उघडले. त्यांच्या दवाखान्यात हा आहार स्वीकारलेल्यांपैकी, निदान होऊन वर्षही न झालेल्या 77 टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात आला, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. रॉय टेलर यांचा 'डायरेक्ट' प्रयोग मात्र कमी उष्मांकांचा होता: काही महिने दिवसाला साधारण 850 उष्मांकांचं द्रवरूप अन्न. वर्षाअखेरी 46 टक्के रुग्णांचा मधुमेह मागे हटला, आणि 15 किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण 86 टक्के होतं. वाट वेगळी, मुक्काम जवळजवळ तोच.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं 2019 मध्ये मान्य केलं की रक्तातली साखर कमी करण्यासाठी एकूण कर्बोदकं घटवण्याच्या बाजूनं सर्वाधिक पुरावा आहे. त्याच्या जोडीला दुसरी बाजूही वाचली पाहिजे. 2021 मध्ये 'बीएमजे'त 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला: सहा महिन्यांनी लो-कार्ब गटातल्या 57 टक्के लोकांचा मधुमेह मागे हटला होता, इतर गटांत 31 टक्के, पण वर्ष संपेपर्यंत दोन्ही गटांतलं अंतर बरंच कमी झालं. याचं मोठं कारण सरळ आहे. जे खाणं घरात शिजत नाही, बाजारात मिळत नाही आणि पाहुणे आले की मोडतं, ते टिकत नाही. म्हणून हे पुस्तक हिंगोलीच्या चुलीवर जे रोज शिजू शकेल त्याचाच विचार करतं.

भारतीय देह समजून घेण्यातलं पुण्याचं योगदान इथं विसरता येणार नाही. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, हा भारतीय देह त्या एका चित्रानं जगाला समजला. याज्ञिक यांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा पिढ्यान्‌पिढ्या पाठपुरावा केला आणि दाखवलं की पोटात असताना कुपोषण सोसलेलं बाळ वजनानं कमी असूनही चरबी राखून जन्मतं. भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढं जास्त वजन आणि 25 च्या पुढं लठ्ठपणा मानतात, कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर, त्याचं कारण हेच.

मराठवाड्याला या संशोधनात आपला भूतकाळ दिसावा. 1972 च्या दुष्काळात, हिंगोली परभणी जिल्ह्यात असताना, दुष्काळी कामांवर खडी फोडणारे हात सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारीच्या भाकरीवर जगले. त्या काळात आईच्या पोटात असलेली मुलं आज पन्नाशीत आहेत, नेमकी मधुमेहाच्या वयात. हा पुरावा नव्हे, अनुमान आहे. पण तपासून पाहण्याजोगं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, आणि असा अभ्यास करायला त्याहून योग्य जागा नाही. भुकेच्या आठवणीचा दुसरा परिणाम तर प्रत्येक घरात दिसतो. ज्या पिढीनं भाकरी नसल्याचे दिवस पाहिले तिच्यासाठी पोटभर धान्य हीच सुखाची खूण आहे. 'भाकरी कमी करा' हे शब्द अशा माणसाला शिक्षेसारखे वाटले तर त्यात नवल नाही. डॉक्टरांनी आणि घरातल्या तरुणांनी हे समजून घेतल्याशिवाय आहाराचं एकही बोलणं पुढं सरकणार नाही.

आता हिशेब. ज्वारीच्या साधारण 70 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 45 ते 50 ग्रॅम कर्बोदकं असतात. एका वेळच्या तीन भाकऱ्यांतच मध्यम लो-कार्बची दिवसाची 130 ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. त्याची रोजची वाटणी माणशी 167 ग्रॅम, म्हणजे साधारण 120 ग्रॅम कर्बोदकं, आणि घरची ज्वारी-गहू त्याशिवाय. उपासमारीपासून कोट्यवधी लोकांना वाचवणारी ही व्यवस्था आहे आणि तिची किंमत कमी लेखता कामा नये. पण तिच्यात डाळ कायमची नाही. सणासुदीला मिळालेल्या 'आनंदाचा शिधा'त किलोभर हरभरा डाळ होती; त्याबरोबर रवा आणि साखरही होती.

गव्हाची पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली की शुगर उतरते, हा समज जिल्ह्यात घट्ट आहे. 'इंडियाब'च्या आहारविषयक निष्कर्षांनी 2025 मध्ये त्याला धक्का दिला. 'नेचर मेडिसिन'मधल्या त्या लेखानुसार भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात. पांढऱ्या धान्याच्या जागी अख्खा गहू किंवा भरडधान्य घेतलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी होत नाही. काही कर्बोदकांची जागा प्रथिनांनी घेतली तरच तो घटतो. याच पाहणीतल्या 18 हजारांवर प्रौढांच्या आहाराचं गणित मांडून 2022 मध्ये तज्ज्ञांनी सुचवलं होतं की मधुमेह मागे हटवायचा असेल तर कर्बोदकं 49 ते 54 टक्क्यांवर आणावीत आणि प्रथिनं 19-20 टक्क्यांपर्यंत न्यावीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनंही धान्यातून 45 टक्क्यांहून जास्त उष्मांक नकोत असं म्हटलं आहे. कीटोच्या कडकपणापासून हे आकडे दूर आहेत. पण बहुतेक घरांना तेवढं जमलं तरी खूप झालं.

भाकरी टाकून द्यावी असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ज्वारीत तंतू आहेत, खनिजं आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे वाण तर लोह आणि जस्त जास्त देण्यासाठीच तयार केलेलं आहे. भाकऱ्या तीनाच्या एक किंवा दीड व्हाव्यात आणि उरलेल्या जागेत पोट भरणारं दुसरं काही यावं, एवढंच मागणं आहे. ते दुसरं काही मराठवाड्याच्या स्वयंपाकात आधीपासून आहे. पातळ वरणाच्या जागी घट्ट वरण, हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं, मटकी-मुगाची उसळ, शेंगदाण्याची, कारळाची आणि जवसाची चटणी, अंबाडी, मेथी, चुका, शेपू, ताक, दही. खाणाऱ्यांच्या घरी अंडी, आठवड्यातून कधी मासे नाही तर कोंबडी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं नगण्य. डाळीतही कर्बोदकं असतातच, पण तिची साखर रक्तात हळू उतरते. सोयाबीन घरात वापरायचं तर भाजून किंवा नीट शिजवूनच. कच्चं पचत नाही. विकायला न्यायच्या पोत्यांतून वर्षभराची तूर आणि हरभरा घरासाठी बाजूला काढला, तर या आहाराचा निम्मा खर्च शेतातच भागतो.

ताटाबाहेरही काही पाहावं लागतं. सकाळच्या नाश्त्याची सुशीला मुरमुऱ्यांची, म्हणजे बहुतांश पिष्टाचीच. तीच भरपूर शेंगदाणे आणि बाजूला उसळ घेऊन खाल्ली तर फरक पडतो. दिवसभरातल्या गोड चहांचा हिशेब कोणी ठेवत नाही. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, 100 ग्रॅममध्ये 85 ग्रॅमहून जास्त. एकादशीला सकाळ-संध्याकाळ खिचडी खाणाऱ्या मधुमेह्याची साखर त्या दिवशी सर्वांत वर असते. दाणे, दही, ताक आणि भाजलेलं सुरण यांवर उपवास होऊ शकतो. श्रमाचंही तसंच. मळणीयंत्र, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आली, अंगमेहनत निम्म्यानं उतरली, भाकऱ्यांचा आकडा मात्र आजोबांचाच राहिला. उलट हळदीच्या काढणीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाची गरज वेगळी आहे. त्याच्या ताटातली भाकरी कोणी मोजू नये. जिल्ह्याचा विषय निघाला की हळद येतेच. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान रास्त आहे. भाजीत ती असावीच, पण गोळीच्या जागी हळदीचं पाणी घेणाऱ्याची शुगर पुढच्या तपासणीत चढलेली असेल.

घरातली बाई शेवटी जेवते, हेही या विषयाचाच भाग आहे. डाळीतला घट्ट भाग आणि दही आधी वाढलं जातं; तिच्या वाट्याला उरलेली भाकरी आणि आमटीचं पाणी येतं. साधारण 55 किलो वजनाच्या स्त्रीला रोज 46 ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि तिच्या ताटात ती अनेकदा भरत नाहीत. नवऱ्याच्या शुगरसाठी वेगळं शिजवणाऱ्या या बाईची स्वतःची तपासणी बहुधा झालेलीच नसते. आहार बदलायचा तो साऱ्या घराचा, यावर हे पुस्तक ठाम आहे, आणि ते अगदी योग्य आहे.

काही ठिकाणी मात्र थांबायलाच हवं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरांना न सांगता भाकरी कमी केली तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची चिन्हं, आणि शेतात एकट्यानं काम करताना ती जिवावर बेततात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या पेटंट संपल्यावर स्वस्त झाल्या आणि तालुक्यातही सर्रास लिहिल्या जातात. त्या चालू असताना कडक लो-कार्ब किंवा कडक उपवास केला तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसत नसल्यामुळे तो लक्षातही येत नाही. वजन उतरू लागलं की बीपीच्या गोळ्याही कमी कराव्या लागू शकतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप 1 चे रुग्ण, मूत्रपिंडाचा आजार असलेले, यांनी हा मार्ग स्वतःहून धरू नये. आणि तरुण, हडकुळा, वजन घटत चाललेला मधुमेही असेल तर त्याला वजन उतरवण्याचं पथ्य हे विषच. कुपोषणातून येणाऱ्या अशा मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं 2025 मध्ये टाइप 5 म्हणून वेगळी मान्यता दिली. असे रुग्ण मराठवाड्याच्या दवाखान्यांत टाइप 2 च्याच रांगेत उभे असण्याची शक्यता मोठी आहे.

पुस्तक हे सगळं ध्यानात ठेवून लिहिलेलं आहे. कोणत्याही एका गुरूचा झेंडा ते खांद्यावर घेत नाही. दीक्षितांच्या पद्धतीतली शिस्त, अनविन यांचे चमच्यांचे तक्ते आणि याज्ञिकांचा इशारा, तिन्ही त्याला उपयोगी वाटतात. मधुमेह कायमचा बरा होतो असं वचन ते देत नाही. औषध थांबवून तीन महिने झाल्यावरही एचबीए1सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, 6.5 टक्क्यांच्या खाली राहिला तर मधुमेह मागे हटला असं म्हणायचं, ही 2021 ची आंतरराष्ट्रीय व्याख्या ते पाळतं, आणि जुनं खाणं परतलं की तो परततो हेही सांगतं. पदार्थांची मापं वाटी, पळी आणि भाकरीच्या आकारात दिली आहेत, कारण हिंगोलीच्या बहुतेक स्वयंपाकघरांत वजनकाटा नाही. आशाताईंना घरभेटीत वाचून दाखवता येईल अशी त्याची भाषा आहे, आणि गोळ्यांविषयीचा भाग आधी ठेवला आहे, पाककृती नंतर. वाचकानंही त्याच क्रमानं जावं: चालू गोळ्यांची यादी आणि हे पुस्तक घेऊन आधी डॉक्टरांकडे, मग स्वयंपाकघरात. दोन आठवडे घरी जेवणाआधीची आणि नंतरची साखर लिहून ठेवावी, आणि त्या वहीवरून आपल्या ताटातल्या भाकऱ्या ठरवाव्यात.